कानशीचे तीन हात

"पहिल्या दोन तारांच्या खाचा किंचित खोल कर," पौलस म्हणाला. "बोट दाबायला जड जातंय. कानशीचे दोन हात मार, बास."

त्याने पिशवीतून गिटार काढून माझ्या टेबलावर ठेवली. शुक्रवार होता, संध्याकाळचे सहा वाजायला आले होते आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचं स्नेहसंमेलन होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. ठेवून जा, एवढंच म्हणालो. सुलभा, माझी बायको, चहा घेऊन बाहेर आली, तर तो म्हणाला, आज नको वहिनी, भिंगारला जायचंय, सकाळी येऊन गिटार नेतो. जिना उतरताना तो शीळ घालत होता. ती शीळ ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं.

त्याला माहीत नव्हतं की मला कळलंय. दुपारीच कळलं होतं.

पौलस साळवे आणि मी नगरच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत होतो. मी टूलरूममध्ये फिटर, तो तपासणी विभागात. आम्ही डाय, म्हणजे साचे, बनवायचो, सुटे भाग घासून बसवायचो आणि ते त्याच्या टेबलावर जायचे. तो मापं घ्यायचा आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा. बारा वर्षं माझं काम त्याच्या हाताखालून गेलं. एवढ्या वर्षांत मैत्री होणारच. त्यात त्याला गिटार यायची. लहानपणापासून तो चर्चमध्ये वाजवायचा, वडिलांच्या जुन्या लाकडी गिटारवर. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी त्याला म्हटलं, मला शिकव. तो म्हणाला, शिकू, पण दोघं मिळून इलेक्ट्रिक घेऊ, माझीही कधीची इच्छा आहे.

आम्ही पुण्याला गेलो. कॅम्पातल्या एका दुकानात आमच्या खिशाला परवडेल असं एकच मॉडेल होतं, आणि त्याचे पाच नग भिंतीला टांगलेले होते. चीनमध्ये बनलेले, एकसारखे, तांबडे. मी सोबत पोलादी पट्टी आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचं फीलर गेज नेलं होतं. प्रत्येक गिटारच्या दांडीवर पट्टी आडवी-उभी टेकवून मी फट बघत होतो. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या त्या पितळी दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या, सारख्या उंचीच्या आहेत का ते तपासत होतो. दुकानदार आधी हसला, मग त्याने माझ्यासाठी दिवा जवळ ओढून दिला. पौलस तसलं काही करत नव्हता. तो गिटार अॅम्प्लिफायरला न जोडताच एकेक तार छेडायचा आणि हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवून डोळे मिटून बसायचा. त्याने निवडली तिच्या पाठीला रंगाचे फोड आले होते. मी निवडली ती पाचांत सगळ्यांत सरळ होती.

घरी येऊन दोन्ही वाजवल्या तेव्हा त्याची चांगली वाजत होती. मला ऐकू येत होतं, त्यालाही येत होतं.

मग मी कामाला लागलो. स्वस्त गिटार घेतली की तिच्यात काय काय सुधारता येतं, हे मी आधी छंद म्हणून वाचायला लागलो आणि पुढे दुसरं काही वाचेनासाच झालो. फ्रेटची टोकं हाताला टोचायची, ती घासून गोल केली. दांडीच्या पाठीवरचा चिकट लॅकर बारीक पॉलिश पेपरने काढून तेल चोपडलं. आतली पोकळी तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवली, कारण घरात ट्यूबलाइट लावली की अॅम्प्लिफायर घुमायचा. तारांच्या खुंट्या बदलल्या. तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे पिकअप दिल्लीहून मागवले आणि जुने काढून तिथे ते सोल्डर केले. तारा खालच्या बाजूला जिथे अडकतात तिथला हलका ठोकळा काढून पितळेचा केला. दांडीच्या वरच्या टोकाला खाचा पाडलेली एक छोटी पट्टी असते. तारा तिच्यावरून खुंट्यांकडे जातात. गिटारवाले तिला नट म्हणतात. ती प्लास्टिकची होती. मी खाटकाकडून हाड आणलं, उकळलं, सुलभाने नाकाला पदर लावून मला गॅलरीत हाकललं, आणि तिथे बसून मी हाडाची पट्टी घासून बसवली. पौलसने ती पाहिली आणि त्याच्याही गिटारला तशीच करून मागितली. मी करून दिली.

आठ महिने चाललं हे. दर रविवारी सकाळची उपासना आटोपली की पौलस भिंगारहून स्कूटरवर यायचा. त्या आठवड्यात मी काय बदललं ते त्याला दाखवायचो, दोन-चार सूर वाजवायचो आणि विचारायचो, आवाज कसा वाटतो? तो म्हणायचा, चांगला आहे. मग तो स्वतःची गिटार काढायचा. तिच्यात त्या हाडाच्या पट्टीपलीकडे काहीच बदललेलं नव्हतं. तो वाजवायला लागला की शेजारचे गॅलरीत येऊन उभे राहायचे. सोमवारी मी पुन्हा माझी गिटार उघडायचो.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात गाण्यांचा कार्यक्रम ठरला. पौलस गिटार, मी दुसरी गिटार, डिस्पॅचचा गुंजाळ ड्रम, आणि गायला ऑफिसमधल्या दोघी. वेल्फेअर ऑफिसर मुनोत साहेबांकडे सगळी व्यवस्था होती. सराव कँटीनच्या हॉलमध्ये, पहिली पाळी सुटल्यावर. दोन्ही गिटारींना मिळून एकच मोठा अॅम्प्लिफायर भाड्याने आणला होता. त्याला दोन जोडण्या होत्या, एक पौलसची, एक माझी.

पहिल्या दिवशी सगळं ठीक झालं. दुसऱ्या दिवशी दोन गाणी झाल्यावर मध्येच सगळे पाणी प्यायला थांबले. मी एकटाच तार छेडली, तर अॅम्प्लिफायरमधून काहीच येईना. मी घाबरलो. सुरुवातीला जोडून पाहिलं तेव्हा आवाज येत होता. म्हणजे कुठेतरी सोल्डर सुटलं असणार. सगळ्यांसमोर माझं तोंड एवढंसं झालं, कारण ही गिटार मी घरी बनवल्यासारखी केलीय हे अख्ख्या कंपनीला माहीत होतं. मी सांगितलं, आतलं काहीतरी ढिलं झालंय, उद्या नीट करून आणतो. पौलस म्हणाला, होतं असं कधीकधी.

घरी येऊन मी गिटार उघडली. एकेक सांधा भिंगाखाली पाहिला. सगळे सांधे चांगले होते. तरी ते सगळे पुन्हा सोल्डर केले. तिसऱ्या दिवशी सरावाच्या सुरुवातीला आवाज आला आणि तासाभराने पुन्हा गेला. या वेळी मी केबलची जोडणी बदलली, आवाजाचं बटण बदललं. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मी रजा टाकली आणि आतलं सगळं वायरिंग उपटून पुन्हा नव्याने केलं. जेवायलाही उठलो नाही. सुलभा म्हणाली, अहो, एका खेळण्यापायी जीव द्याल. मी तिच्यावर खेकसलो. ती आत गेली आणि दिवसभर बोलली नाही. बोटांना दोन ठिकाणी चटके बसले होते. मध्येच दिसणारा आणि मध्येच नाहीसा होणारा बिघाड माणसाला वेडं करतो. टूलरूममध्ये काम करणाऱ्याला तर जास्तच, कारण बिघाड आहे आणि तो आपल्याला सापडत नाही, हे त्याला सहनच होत नाही.

मग तो शुक्रवार आला. दुपारी सायकल स्टँडपाशी गुंजाळ भेटला. गुंजाळ फाटक्या तोंडाचा, पण मनात काही ठेवणारा नव्हता. मी त्याला म्हणालो, सगळं वायरिंग बदललंय, आज नक्की वाजेल. तो माझ्याकडे बघून हसायला लागला.

"पाथरकर, तुमच्या गिटारला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "पहिलं गाणं संपलं की साळवे मागे जाऊन तुमचं बटण शून्यावर आणतात. मी ड्रमवर मागेच बसतो ना, रोज बघतो. मला वाटलं तुमच्या दोघांत ठरलंय. तुम्ही तर आवाज बंद असताना मस्त डोलत असता."

मी दुपारनंतरचा सराव चुकवला आणि घरी आलो. पंखा लावून खुर्चीत बसून राहिलो. राग यायला वेळ लागत नाही, पण हा राग थांबत नव्हता, वाढत होता. चार दिवस मी वेड्यासारखा आपल्याच हातांवर संशय घेत होतो, आणि हा शेजारी उभा राहून, होतं असं कधीकधी, म्हणत होता. माझा आवाज बंद होता आणि मी त्याच्या गिटारचा आवाज माझा समजून मान हलवत होतो. हॉलमधल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

आणि संध्याकाळी सहाला हाच माणूस माझ्या दारात आला होता, स्वतःची गिटार घेऊन.

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. दिवा ओढला, तारा सैल केल्या आणि एकेक खाचेतून उचलून बाजूला सरकवल्या. बारीक कानस घेतली. त्याने दोन तारांचं सांगितलं होतं. त्या दोन खाचांवर मी सांगितल्याप्रमाणे दोन-दोन हात मारले. मग तार बसवून पहिल्या फ्रेटपाशी फीलर घालून बघितलं. फट अगदी हवी तेवढी होती. काम तिथे झालं होतं.

मी त्या दोन्ही तारा पुन्हा काढल्या आणि तिथे आणखी तीन-तीन हात मारले. मग तिसऱ्या खाचेवर तीन. चौथ्या, पाचव्या, सहाव्या. मोजून. हाडाची पांढरी पूड टेबलावर पडली होती, ती फुंकरीने उडवली. तारा चढवल्या. सुरात लावल्या नाहीत, सैलच ठेवल्या, म्हणजे त्याला लगेच कळणार नाही.

खाच जास्त खोल झाली की तार पहिल्या फ्रेटला घासते. मोकळी छेडली की सतारीसारखी झणझणते. आणि पौलसच्या सगळ्या वाजवण्यात मोकळ्या तारा असायच्या, चर्चमधली सवय होती ती.

शनिवारी सकाळी तो घाईत आला, गिटार पिशवीत टाकली आणि गेला. उघडून पाहिलीदेखील नाही. मी घासलेलं त्याने कधी तपासल्याशिवाय घेतलं नव्हतं. ते त्याचं कामच होतं. त्या दिवशी मात्र घेतलं.

संध्याकाळी पाच वाजता मैदानात मंडप भरला. कामगार, बायका, पोरं, पहिल्या रांगेत मॅनेजर मंडळी. कार्यक्रमाआधी मंचाच्या मागे पौलसने तारा सुरात लावल्या आणि पहिला सूर छेडला. ती झणझण मी पाच पावलांवरून ऐकली. त्याने पुन्हा छेडला. मग खाली वाकून दांडीच्या वरच्या टोकाकडे बघितलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून, खाली फट उरलीय का हे बघायला, पहिल्या फ्रेटवर नखाने टिचकी मारली. मग दुसरी तार. मग सहाही. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. त्याने बघितलं नाही.

त्याच्या पिशवीत कॅपो होता. कॅपो म्हणजे दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा. त्याने सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या आणि पहिल्या फ्रेटवर तो चिमटा लावला. म्हणजे खाचांचा संबंधच संपला, आणि सूर होता तिथे परत आला. दहा मिनिटांत त्याने हे केलं, तेही माणसं इकडून तिकडे पळत असताना. मी ते बघत उभा होतो आणि माझा राग निवायच्या ऐवजी आणखी भडकला. एवढं करूनही त्याचं काही बिघडलं नव्हतं.

मंचावर चढल्यावर मी मुद्दाम अॅम्प्लिफायरला चिकटून उभा राहिलो. माझ्या बटणाला कोणाला हात लावू दिला नाही. पाच गाणी झाली. पौलस सुंदर वाजवत होता. माझाही आवाज येत होता, पाचही गाण्यांत, मंडपाच्या टोकापर्यंत. दुसऱ्या गाण्याला गाणाऱ्या दोघींपैकी एकीने वळून माझ्याकडे बघितलं. चौथ्याला गुंजाळने ड्रम जोरात वाजवून मला सावरायचा प्रयत्न केला. शेवटच्या गाण्यात मी कुठेतरी दोन मात्रा पुढे निघून गेलो आणि परत येईपर्यंत गाणं संपलं. पहिल्या रांगेतले लोक हसत होते. टाळ्या पडल्या. पौलसला पडल्या.

रविवारी दुपारी बाराला तो आला. चर्चमधून थेट आला होता, पांढरा शर्ट, अंगाला अत्तराचा वास. सुलभाने पाणी आणून दिलं ते त्याने हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगितलं. तिला काहीतरी कळलं आणि ती आत गेली.

त्याने गिटार काढली, कॅपो काढून ठेवला आणि म्हणाला, "फीलर गेज दे."

मी दिलं. त्याने कंपनीत बघतो तसं, घाई न करता, सहाही तारांखाली बघितलं.

"फट शून्य आहे," तो म्हणाला. "सहाही ठिकाणी."

"कानस घसरली," मी म्हणालो.

"बारा वर्षं तुझं काम तपासतोय मी, हेमंत. कमी घासलेला नग मी तुला परत पाठवलाय. जास्त घासलेला एकही कधी आला नाही. तुझी कानस घसरत नाही. आणि सहा वेळा, सारखीच, तर घसरणारच नाही."

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, आणि बटण कोणाचं घसरलं? पहिलं गाणं झालं की मागे जाऊन कोण फिरवत होतं? चार दिवस मी गिटारचं आतडं बाहेर काढून बसलो होतो, रजा टाकली, बोटं भाजून घेतली, बायकोला बोललो, आणि तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालास, होतं असं. मी पुष्कळ बोललो. आवाज चढला होता. खालच्या मजल्यावरचा रेडिओ कोणीतरी बंद केल्याचं मला ऐकू आलं.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, हो, मीच फिरवत होतो. पहिल्याच दिवशी मुनोत साहेबांनी त्याला बाजूला बोलावलं होतं. पाथरकरला काढा, ताल सोडतोय, सगळं बिघडवतोय, असं सांगितलं होतं. पौलस म्हणाला होता, तो नसेल तर मीही नाही. साहेबांनी म्हटलं, मग तुम्ही बघा काय करायचं ते. त्याने जे केलं ते हे.

"मग मला सांगायचं होतंस," मी म्हणालो. "तोंडावर."

"सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "जमलं नाही. त्याची लाज वाटते मला. पण तू मला कधी विचारलंस? आठ महिने दर रविवारी विचारायचास, आवाज कसा वाटतो. पिकअप कसे वाटतात. पितळेने फरक पडला का. मी कसा वाजवतो, हे तू एकदा तरी विचारलंस का?"

मी म्हणालो, तुझ्या मनात होतं ते न विचारताही सांगता आलं असतं.

"मी फिरवलेलं बटण परत फिरवता येतं," तो म्हणाला. "तू घासलेलं हाड परत भरता येत नाही."

"पट्टी नवी बसते," मी म्हणालो.

"मग बसव. माझ्यासमोर."

तो स्टुलावर बसला आणि मी कामाला बसलो. हाडाचा तुकडा डब्यात होता. तो कापला, घासून रुंदी काढली, जुनी पट्टी हळूच ठोकून सोडवली, नवी बसते का बघितलं, पुन्हा घासली. खाचांच्या जागा आखल्या. दोन तास लागले. सुलभाने दोन वेळा दारातून डोकावून बघितलं. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. प्रत्येक हात मारताना त्याची नजर माझ्या बोटांवर होती, आणि मला त्या कानशीनेच त्याला टोचावंसं वाटत होतं. पण खाचा अचूक पडत होत्या. रागात असलो तरी मला दुसऱ्या तऱ्हेने काम करता येत नाही. शुक्रवारीही ते तितकंच अचूक केलं होतं.

तारा चढवल्यावर त्याने सहाही फटी मोजल्या. मोकळ्या तारा छेडल्या. स्वच्छ वाजल्या.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि गिटार पिशवीत घालायला लागला.

मी भिंतीवरची माझी गिटार काढली. अॅम्प्लिफायरला जोडली. म्हणालो, थांब, मी वाजवतो, आता सांग कसा वाजवतो ते. तो पिशवीची चेन अर्धी लावून थांबला. काल जे शेवटचं गाणं मी बिघडवलं होतं, तेच मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. त्याने मध्ये अडवलं नाही.

"तू ताल ऐकतच नाहीस," तो म्हणाला. "तू तारेचा आवाज ऐकतोस. एक सूर वाजला की तो कसा आला हे बघत राहतोस, तोवर गाणं पुढे गेलेलं असतं. डावा हात फार घट्ट धरतोस, जणू काही ती व्हाइसच्या जबड्यात आवळायची आहे. आणि चूक झाली की गिटारकडे बघतोस. काल पाचही गाण्यांत बघत होतास. गिटारमध्ये काही चूक नाही. आठ महिन्यांपूर्वीही फारशी नव्हती."

त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी कसंबसं विचारलं, "पुन्हा वाजवू?"

तो दारात चपला घालत होता.

"वाजव," तो म्हणाला. "पण मी आता ऐकणार नाही."

जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. मग स्कूटर सुरू झाली आणि गेली. सुलभा बाहेर आली, टेबलावर तसाच राहिलेला पाण्याचा पेला उचलला आणि आत गेली.

त्यानंतर तो रविवारी कधी आला नाही. कंपनीत माझं काम त्याच्या टेबलावर जायचं आणि पास होऊन परत यायचं. एकदा एक नग नापास होऊन आला. मी मोजून बघितला, तर खरंच एका कोपऱ्यात कमी घासला गेला होता. त्यात काही खुन्नस नव्हती. कँटीनमध्ये समोर आलो तर मान हलवायचो. दोन वर्षांनी त्याला चाकणला चांगली नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी मी दुसऱ्या पाळीत होतो. पाळी मीच बदलून घेतली होती.

गिटार मी पुन्हा उघडली नाही. सावेडीत एक तबला शिकवणाऱ्या बाई होत्या, कान्हेरे म्हणून, साठीच्या. त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं, मला ताल येत नाही. पहिलं वर्षभर त्यांनी मला कोणत्याही वाद्याला हात लावू दिला नाही. नुसत्या टाळ्या. त्यांच्या शिष्यांमध्ये बाकी सगळी शाळकरी मुलं, आणि मधोमध मी, टूलरूमचा फिटर, सतरंजीवर मांडी घालून टाळ्या वाजवणारा. दर टाळीला मला पौलसचा राग यायचा. कधी त्याने बटण फिरवलं म्हणून, कधी त्या दुपारी इतकं स्पष्ट बोलला म्हणून, आणि कधी ते आठ महिने आधी बोलला नाही म्हणून. दुसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या, आता गिटार आणा. मी आणली. तेव्हापासून मी बरा वाजवतो.

या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली. पौलसचा नंबर माझ्याकडे होता. गेल्या उन्हाळ्यात, निवृत्तीची कागदपत्रं भरून झाली त्या दिवशी, मी तो लावला. त्याने लगेच उचलला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, बोल. त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी कसा आहेस, पोरं काय करतात, असं काहीबाही विचारलं, त्याने थोडक्यात उत्तरं दिली. तो फोन ठेवेल असं वाटलं.

"त्या दिवशी कानस घसरली नव्हती," मी म्हणालो. "मी मुद्दाम घासलं. तीन-तीन हात. मोजून."

भांड्यांचा आवाज थांबला होता.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.